वीस टक्क्यांचे सर

मिरचीच्या तोडणीला बायांची टोळी माझ्या वावरात शिरली की चिमण्यासुद्धा गप्प बसतात, कारण त्यांना बोलायला फटच सापडत नाही. त्या रविवारी मात्र टोळीच गप्प होती. मी बांधावरून मोजलं. रोजच्या अकरा बाया आणि बारावा एक गडी. फुलपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल असा गुंडाळलेला की बाहेर नुसतं नाक.

बाया मिरची तोडतात ती दोन्ही हातांनी, न पाहता, सासूबद्दल बोलत. हा गडी प्रत्येक मिरचीकडे आधी पाहायचा, थोडा विचार करायचा आणि मग तोडायचा, जणू तिला पास करायचं का नापास हे ठरवतोय. दुपारपर्यंत टोळीच्या म्होरक्या म्हातारीची चार पोती भरली, ह्याचं एक. पण त्या एका पोत्यात मिरच्या लांबीप्रमाणे रचलेल्या होत्या. शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला गावात टमाट्याइतकाही भाव नाही, तरी घेतो.

टोळीत कोण असावं हे आमच्याकडे मालक ठरवत नाही. म्हातारी ठरवते. कोणती पात, म्हणजे मिरचीची कोणती ओळ, कोणी धरायची हेही तीच सांगते. माझं काम सकाळी वावर दाखवणं आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या हातावर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठेवणं. म्हणून मी काही विचारलं नाही. तेवढ्यात माझी दहावीतली पोरगी चहाची किटली घेऊन आली, अर्ध्या वावरापर्यंत गेली आणि एकदम वळून बांधाकडे पळत सुटली.

“बाबा, ते आमचे गणिताचे सर आहेत!”

“कोण?”

“ते टॉवेलवाले.”

“येडी झाली का तू? मास्तर माणूस मिरच्या तोडाले कायले येईन? ऐंशी हजार पगार असते मास्तरले!”

“बाबा, हळू बोला ना!”

हळू बोलणं मला जन्मात जमलं नाही. मी जानेफळच्या बाजारात टमाट्याची आरोळी ठोकली की हिवरा आश्रमाकडची गिऱ्हाईकं पिशवी घेऊन घरून निघतात. साहजिकच वावरातल्या बाराही माना वर झाल्या. गड्यानं टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “भाऊ, पोरीले पाठवा इकडं. चहा गार होऊन राह्यला.”

आता तो ऐंशी हजाराचा आकडा मी काही हवेतून काढला नव्हता. आमच्या गावच्या पानठेल्यावर मास्तरांचा पगार रोज संध्याकाळी वाढतो. आखाडात तो साठ हजार असतो, पोळ्याला ऐंशी होतो, दिवाळीत लाखाच्या पुढं जातो. एका थंडीत तो साडेतीन लाखांवर पोचला आणि वर सरकार प्रत्येक मास्तराला शाळेत यायला हेलिकॉप्टर देणार असं ठरलं. शेवटी पानठेलेवाल्याचाच जीव घाबरा झाला. त्यानं शेकोटीवर पाणी ओतलं, तेव्हा कुठं पगार खाली आला. सरकारला पगार वाढवायचा तर आयोग बसवावा लागतो, आमच्याकडं सुपारी कातरेपर्यंत काम उरकतं.

पण ज्याला साडेतीन लाख मिळतात तो माणूस माझ्या वावरात लिंबाखाली बसून प्लास्टिकच्या कपात चहा पीत होता, आणि त्याच्या बोटांना मिरची लागून ती लाल झाली होती. हे कोडं सोडवल्याशिवाय मला घास गिळवणार नव्हता.

“सर, तुमी इथं काऊन?”

“रविवार आहे म्हणून. बाकी दिवस शाळा असते.”

“तसं नाही. पगार?”

सरांनी काडी उचलली आणि मातीत आकृती काढावी तसं मला समजावून सांगितलं. आमच्या गावात रस्त्याच्या अल्याड जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. पल्याड हायस्कूल, ते एका संस्थेचं. हायस्कूल चालवायला सरकारनं परवानगी दिली, पण पगाराला पैसे दिले नाहीत. म्हणजे विनाअनुदानित. कधीतरी तपासणी होईल, शाळा सगळ्या अटींत बसली तर अनुदान सुरू होईल आणि मग पगार. सर त्या ‘कधीतरी’च्या भरवशावर अकरा वर्षं फळ्यासमोर उभे होते.

“अकरा वर्षं फुकट?”

“फुकट कसं? दिवाळीले संस्था मिठाईचा डबा देते.”

म्हातारीनं मागून आवाज दिला, “मास्तर, चहा झाला असंन तं उठा. तुमची पात तशीच उभी हाय.”

सर उठले. मी तिथंच बसलो. त्या दोन शाळांमधला रस्ता माझा बैल चार पावलांत ओलांडतो. अल्याड-पल्याड पोट्टे तेच, फळा तोच, खडूही मेहकरच्या त्याच दुकानातला. मग चार पावलांत खडूचा भाव ऐंशी हजारांवरून मिठाईच्या डब्यावर येतो तो कसा? टमाट्याचाही भाव गावात एक आणि शहरात एक असतो, पण मधे गाडीभाडं असतं, अडत असते, हमाली असते. इथं मधे नुसतं एक गटार होतं.

संध्याकाळी रोज देताना मी सरांना पन्नासाची नोट जास्त देऊ केली. सरांनी ती परत केली. म्हातारी म्हणाली, “बरं केलं. माही चार पोती, त्याचं एक. शिकेल हाय म्हून जास्त देशीन, तं मी पाचवीपर्यंत गेल्ती, त्याचं काय?”

माझी चौकशी तिथं थांबणं शक्य नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मोठे मिशीवाले, वांगी घेताना प्रत्येक वांग्याची नाडी पाहणारे. बाजाराच्या दिवशी मी त्यांना सरळच विचारलं.

“गुरुजी, खरं सांगा. पगार किती तुमचा?”

“पानठेल्यावर किती चालू आहे?”

“आज पंच्याऐंशी.”

“मंग तेवढाच धरा,” गुरुजी वांगं दाबत म्हणाले. “अन् हेबी धरा. काल सकाळी खिचडीचे तांदूळ मोजले. ते मोबाईलवर भराचे होते, रेंज नव्हती, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढलो. दुपारी मतदारयादी घेऊन घरोघरी फिरलो. एका घरी कुत्रं मागं लागलं. शिकवलं फक्त अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे पंच्याऐंशी हजार लय होतात, मले कबूल आहे. बाकीच्या कामाचे कमी पडतात.”

“ते जाऊ द्या. वाजवी पगार किती असावा?”

“या वांग्याचा वाजवी भाव किती?”

“चाळीस.”

“मागच्या बाजारी?”

“दहा.”

“वांगं तेच होतं ना भाऊ?”

मी त्यांच्या पिशवीत पाव किलो जास्त घातलं. उत्तर सुचलं नाही की मी वजनात भरपाई करतो. गुरुजींनी पिशवी उचलली, मग खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, “समोरचा तो सर एम.एस्सी. आहे. मी बारावी डी.एड. शाळा सुटताना तो समोरून आला का मी मोबाईल पाहतो. फोन आला नसला तरी पाहतो.”

सरांचं असं की पुढचे दोन-तीन रविवार ते येतच राहिले आणि मला त्यांच्या घरचंही कळत गेलं. जानेफळला भाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड. वहिनी ब्लाऊज शिवतात. घर चालतं ते त्या मशीनवर. वहिनींचा भाऊ पुण्याकडे चाकणला एका कंपनीत होता, तिथं गोदामात माल मोजायला माणूस पाहिजे होता. पगार महिन्याच्या महिन्याला. वहिनींनी सरांकडून शब्द घेतला होता. या वर्षी तपासणी होणार आहे ना? मग ही शेवटची. शाळा अनुदानात बसली तर राहू. नाही बसली तर सामान बांधायचं आणि चाकण.

“अन् दहावीच्या पोरांचं?” मी विचारलं.

“तेच मी तिले म्हटलं. ती म्हणे, ‘दहावी दरवर्षीच असते.’”

यात खोट काढायला जागा नव्हती. पण माझी पोरगी त्याच वर्षी दहावीला होती, आणि या सरांच्या आधी तिला गणित म्हटलं की ताप यायचा, खराखुरा, थर्मामीटरात दिसणारा. तेव्हा मी ठरवलं, ही तपासणी माझी.

आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे येणार असले की अख्खं गाव कामाला लागतं. एकाची सतरंजी, दुसऱ्याच्या खुर्च्या, तिसऱ्याच्या कपबशा, चौथ्याचा पंखा. पाहुण्यांनाही ठाऊक असतं की यातलं काहीच या घरचं नाही, कारण त्यांच्या घरी पाहुणे आले तेव्हा त्यांनीही हेच केलेलं असतं. मी म्हटलं, तपासणी म्हणजे तरी काय? साहेब शाळा पाहायला येणार. मग जसं पोरगीचं, तसंच शाळेचं.

अटींची चार पानी यादी होती. ग्रंथालय पाहिजे होतं. कपाट होतं, पुस्तकं वाळवीनं वाचून टाकली होती. मी दवंडी दिल्यासारखा गावातून फिरलो. दुपारपर्यंत कपाट भरलं. सात पंचांगं, ट्रॅक्टरसोबत आलेली माहितीपुस्तिका, बियाण्यांच्या कंपन्यांचे रंगीत कॅटलॉग आणि लग्नाचे तीन अल्बम. सगळ्यांना खाकी कव्हरं घातली. अल्बमांवर मी स्वतःच्या हातानं ‘समाजशास्त्र’ लिहिलं. गुरुजींनी त्यांच्या शाळेतला पृथ्वीचा गोल पाठवला, पण दिवसभरासाठीच. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून मी आमच्या घरच्या संडासाचं दार काढून तिथं बसवलं.

“अन् घरच्यांनी काय कराचं?” माझी बायको म्हणाली.

“दोन दिवस गाणं म्हणत बसा.”

त्या दोन दिवसांत आमच्या घरात इतकं गाणं झालं की शेजारच्यांना वाटलं भजनी मंडळ बसलंय.

आणि यादीत शेवटी एक अट होती, परसबाग. मी छाती ठोकून म्हटलं, “हे माझ्याकडं सोडा.”

सर म्हणाले, “भाऊ, वांग्याची लहान लहान रोपं लावू. जगतील तरी.”

“सर, तुमी बी ना! पोरगी पाहाले बोलावलं अन् पाळणा दाखवला, असं होईन ते. फळावरची झाडं आणतो.”

“माना टाकतील.”

“तीस वर्षं वांगी लावून राह्यलो मी. मले शिकवता का?”

मला अर्थातच ठाऊक होतं की माना टाकतील. पण माझा हिशेब होता. साहेब सकाळी नऊला येणार. संध्याकाळी उशिरा झाडं मातीच्या गड्ड्यासकट काढायची, शाळेत आळी करून लावायची, भरपूर पाणी द्यायचं. सकाळी अकरापर्यंत ती नवरीसारखी उभी राहतील. अकरानंतर पडली तर पडू देत. पंचवीस झाडं लावली, एकेका झाडाला माझ्या मुठीएवढी चार-चार वांगी. माझी मूठ तुम्ही पाहिलेली नाही.

नऊ वाजले. गुरुजींच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, साहेब बुलढाण्याहून निघाले. दहाला फोन, चिखली सोडली. अकराला, मेहकरात चहाला थांबले. साडेअकरालाही चहालाच थांबले होते. बाराला जेवायला बसले.

ऑक्टोबरचं ऊन सव्वाबाराला वांग्यांच्या डोक्यावर आलं. पहिल्या झाडानं मान टाकली, मग दुसऱ्यानं, मग साऱ्या रांगेनं, जसे पोट्टे गणिताच्या तासाला टाकतात. मी पाणी ओतलं. मिरचीच्या टोळीतल्या बाया रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांना हाक मारली. त्यांनी पदर ओले करून पानांवर पिळले. मग मी गावातल्या छत्र्या मागवल्या. दुपारी दोन वाजता आमच्या हायस्कूलच्या अंगणात पंचवीस वांग्यांवर पंचवीस छत्र्या धरून पंचवीस माणसं उभी होती. हे मी वाढवून सांगत नाही. छत्र्या बावीसच होत्या, तीन झाडांवर मी अंथरुणाची चादर धरली होती.

अडीचला जीपचा हॉर्न वाजला. छत्र्या मिटल्या. आणि पंचवीस वांग्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला.

साहेब शिडशिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात जाड फाईल. ग्रंथालयात त्यांनी एक ‘समाजशास्त्र’ उघडलं, वधूवरांचे फोटो पाहिले आणि मिटून परत कपाटात ठेवलं. संडासाच्या दाराला हात लावून पाहिला. मग परसबागेसमोर येऊन थांबले.

“ही बाग किती दिवसांची?”

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. सरांना खोटं बोलता येत नाही हे मी एव्हाना ओळखलं होतं, म्हणून मी पुढं झालो.

“तीन महिन्यांची, साहेब.”

“मग ही अशी का?”

“ही जात दुपारी झोपते, साहेब. पाच वाजता उठते.”

“जातीचं नाव काय?”

“नवीन जात आहे. बारसं व्हायचंय अजून.”

पोट्टे खिदळले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पोरांकडे वळले. “कोण सांगेल, ही झाडं का मलूल झाली?”

एकच हात वर झाला. माझ्या पोरीचा. मी साहेबांच्या पाठीमागून मान हलवली, डोळे वटारले, शेवटी हात जोडले. पोरगी उभी राहिलीच.

“सर, पानांतून पाणी हवेत उडतच राहतं. पण झाड उपटताना मुळांचे बारीक केस तुटतात, म्हणून खालून तेवढं पाणी वर चढत नाही. म्हणजे ही झाडं दुसरीकडून आणून लावली आहेत, आणि कालच लावली आहेत, कारण आळ्यातली माती अजून बसलेली नाही. शाळेची जमीन मुरमाड आहे. ही माती काळी आहे.”

“काळी माती कुठली?”

“आमच्या वावरातली.” आणि माझ्याकडे बोट करून, “हे माझे बाबा.”

माझ्या सात पिढ्यांत कोणाला इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं पकडलेलं नाही.

साहेब म्हणाले, “ही जात मी जिल्ह्यात पुष्कळ शाळांत पाहिली आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी उगवते.” मग पोरीला, “विज्ञान कोण शिकवतं तुम्हाला?”

“विज्ञानाच्या मॅडम सोडून गेल्या. आता गणिताचे सरच शिकवतात. तासाला पानाला पिशवी बांधून दाखवली होती त्यांनी.”

साहेब सरांकडे गेले. शिक्षण विचारलं, वर्षं विचारली. मग विचारलं, “सध्या पगार?”

“नाही, साहेब.”

साहेबांनी लिहिलं. मी काही बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला कुतूहल आवरत नाही. मी फाईलमध्ये डोकावलो. “साहेब, पोरीनं सांगितलं ते कुठं लिहिलं?”

त्यांनी पान माझ्यापुढं धरलं. ग्रंथालय, आहे किंवा नाही. दार, आहे किंवा नाही. परसबाग, नाही. सगळे रकाने मी बोटानं चाचपून पाहिले. “यात तिच्या उत्तराला रकाना नाही,” साहेब म्हणाले.

“मंग मागच्या कोऱ्या बाजूले लिहा ना.”

“मागची बाजू कोणी वाचत नाही हो,” ते म्हणाले, रागानं नाही, आणि जीपकडे गेले.

त्यानंतर निकाल येईपर्यंतचे महिने मी गावात तोंड लपवून काढले. माझ्यासारख्या तोंडाला लपायला जागा किती लागते विचार करा. पानठेल्यावर लोक म्हणायचे, “मास्तरची नोकरी वांग्यानं खाल्ली.” वहिनींनी माझ्याकडून भाजी घेणं बंद केलं. सर मात्र रविवारी येत राहिले. वांग्याचा विषय एकदाही काढला नाही, आणि त्यानं मला जास्तच लागलं.

मग यादी आली. शाळा अनुदानात बसली होती. परसबागेच्या रकान्यात ‘नाही’ असूनही बसली होती. बाकीच्या किती रकान्यांत आमचं दार आणि आमचे अल्बम होते ते देव जाणे. गुरुजी रस्ता ओलांडून स्वतः पेढे घेऊन हायस्कुलात गेले, मोबाईल खिशात ठेवून. पानठेल्यावर सरांचा पगार पहिल्याच संध्याकाळी नव्वद हजार झाला.

खरा आकडा वहिनींनी मला सांगितला. त्या सरांना घेऊन माझ्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

“भाऊजी, तुमी न्याय करा. अनुदान वीस टक्के भेटलं.”

“म्हणजे?”

“पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा. बाकीचं टप्प्याटप्प्यानं, सरकारच्या मनात येईन तवा. मी यांले म्हटलं होतं, शाळा बसली तर राहू, नाही बसली तर चाकण. आता सांगा, ही बसली का नाही बसली?”

ज्या खुर्चीचा एक पाय जमिनीवर आणि तीन हवेत, ती बसली म्हणायची का उभी?

वहिनींनीच पुढं सांगितलं. त्यांनी सगळं मांडून पाहिलं होतं. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, पोराची फी. वीस टक्के, अधिक मशीन, अधिक रविवारचा रोज, एवढं धरलं तर पुढच्या टप्प्यापर्यंत ओढून नेता येत होतं. रविवार काढला तर नाही. “भावाचा फोन आला. सोमवारी सांगाचं आहे. रविवारचं काम राहीन ना भाऊजी?”

“वावर माझं आहे वहिनी! कोण काढते त्यायले?”

रविवारी सकाळी सर टॉवेल बांधून आले. टोळी वावराच्या तोंडाशी उभी होती आणि त्यांच्यात एक नवी पोरगी होती. म्हातारीनं सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मास्तर, आता तुमी पगारी मानूस. तुमच्या पातीवर माह्या सुनेच्या बहिणीले घेतलं.”

मी मधे पडलो. “मावशी, असं कसं?”

“भाऊ, तू गप ऱ्हाय. टोळी माही हाय. नव्वद हजारवाला मिरच्या तोडंन अन् हे पोरगी घरी बसंन, हे चालते का?”

वावर माझं होतं, पण मला तिथं पातीचाही अधिकार नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सर खाली बसले. चिडले नाहीत. पाच मिरच्या तोडल्या आणि बांधावर ओळीनं मांडल्या. “मावशी, हा पूर्ण पगार समजा. सरकारनं मले यातली एक देल्ली. चार नाही देल्ल्या.”

म्हातारीनं एक मिरची उचलून पाहिली. “म्हंजे तुमी पाचव्या हिश्शाचे मास्तर?”

“हाव.”

“मंग शिकवता बी पाचवाच हिस्सा?”

“नाही. शिकवतो पूर्ण.”

“काऊन?”

सरांना पायथागोरस झोपेत येतो, पण या प्रश्नावर ते अडले. बाया वाट पाहत होत्या. मीही पाहत होतो. इतके महिने मी पगार किती हेच विचारत फिरलो होतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

“पोट्टे पूर्ण येतात ना, मावशी,” सर शेवटी म्हणाले.

म्हातारी हसली नाही. तिनं नव्या पोरीकडे पाहिलं, मग वावराकडे, आणि पाच बोटं वर केली. “पाच पाती झाल्या का त्यातल्या चार तुमच्या, पाचवी या पोरीची. रोज बी तसाच, चार हिस्से तुमाले, एक तिले. तिचा उरलेला रोज माह्या पातीतून निंघंन. पटते का?”

“पटलं. अन् सरकारनं अजून वीस टक्के देल्ले तर?”

“तवा तीन पाती. मंग दोन. जवा पाची हिस्से भेटतीन, तवा इथं पाय ठेवाचा नाही. तवा मिरची इकत घ्याची, अन् भाव कराचा नाही.”

बाया एकदम बोलायला लागल्या, त्यांच्या आवाजात सरांचं उत्तर ऐकूच आलं नाही. ते पहिल्या पातीत वाकले. मी बांधावर जाऊन वहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं, या वेळी काही न वाढवता.

“किती पाती म्हटल्या?” त्यांनी विचारलं.

“चार.”

पलीकडं शिलाई मशीन चालू होतं. मग ते थांबलं.

“चार पुरतात,” वहिनी म्हणाल्या. “भावाले मी सांगते.”